ऑल्वेनची प्रत

लांडिसुल, वेल्स
३ मार्च २००७

टेरी,

आहेस का रे जिवंत? फोन केला की तू आधी हसतोस, मग फुटबॉलवर घसरतोस आणि मग तुझी डेपोत जायची वेळ होते. म्हणून कागद घेऊन बसलोय. लेखी विचारतोय, लेखी उत्तर दे.

आईचं चित्र मला परत हवंय.

कुठलं म्हणून विचारू नकोस. तुझी आठवण सोयीप्रमाणे चालते हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून सगळं लिहूनच काढतो. अठ्ठ्याण्णव साली ब्रिस्टलला ईस्टनमधल्या शाळेची खानावळ बंद केली, आई सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी बसली, आणि आपण तिघांनी त्याच खानावळीच्या भिंतीवर तिला उभी केली. केसांना जाळी, हातातली पळी पुढे केलेली, खाली दोन शब्द, 'आणखी वाढू?' रंग फवारायचं स्टेन्सिल आपल्यातल्या चित्रकाराने, स्प्रॅटने, कापलं, शिडी मी धरली, तू कोपऱ्यावर शिट्टी वाजवायला होतास आणि पोलीस आले तेव्हा नेमकी वाजवली नाहीस. नगरपालिकेने आठवड्यात भिंत राखाडी करून टाकली. मग मी गॅरेजमध्ये तेच चित्र छापलं. पंचाहत्तर नंबर घातलेल्या प्रती, आणि वर तीन बिननंबरी. एक स्प्रॅटची, एक तुझी, एक आईची. आईच्या प्रतीवर स्प्रॅटने खाली पेन्सिलीने एक ओळ लिहून दिली. मी इकडे राहायला आलो तेव्हा या घरात ओल इतकी, की कागद फुगायचा. म्हणून ती तुझ्याकडे ठेवली. सांभाळायला ठेवली होती, हे नीट वाच.

आता ओल काढून घेतली आहे. आणि आईचं डोकं पार विस्कटलंय. आधी किटली चढवून विसरायची, आता किटली कशासाठी असते तेच विसरते. परवा आरशासमोर उभी राहिली आणि आतल्या बाईला दटावलं, 'ए, रांगेत उभी राहा, ढकलाढकली नको.' स्वतःला ओळखत नाही. मला कधी ओळखते, कधी गॅसवाला समजून बिल मागते. पण रोज सकाळी एक प्रश्न ठरलेला, 'माझं चित्र कुठाय?' नर्सबाई म्हणाल्या, तिला तिचं वाटतं ते तिच्या डोळ्यांसमोर ठेवा, जे काही शिल्लक आहे ते त्यावरच टिकेल. तिच्या पलंगासमोर मी खिळा ठोकून ठेवलाय.

येताना घेऊन ये, दोन दिवस राहा. आईच्या हातचं नाही मिळणार, माझ्या हातचं खावं लागेल.

ग्विन


बेडमिन्स्टर, ब्रिस्टल
११ मार्च

ग्विन, मित्रा,

पत्र दोनदा वाचलं बघ. तुझी आई, आपली ऑल्वेन, मला ओळखणार नाही ही कल्पनाच करवत नाही. बेकार होतो तेव्हा वर्षभर तिच्या टेबलावर जेवलोय मी. आणि शिट्टीचं किती वर्षं उगाळणार आहेस? तोंडात पाव होता माझ्या!

चित्राची अजिबात काळजी करू नको. झालं काय, की कागदाच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या, म्हणून मी ते बाथ शहरातल्या एका कागदाच्या डॉक्टरकडे दिलंय. हातमोजे घालून काम करणारा माणूस आहे, घाई केलेली त्याला चालत नाही. थोडं थांबावं लागेल.

तुला आता इकडची हवा माहीत नाही. आपण ज्याला उधारीवर रंग आणून द्यायचो त्या स्प्रॅटच्या नव्या प्रतीसाठी लोक दुकानाबाहेर तंबू ठोकून रांग लावतात. रांगेत वकील, शिक्षक, एक पाद्रीसुद्धा. इंटरनेटवर आमचा एक कट्टा आहे, तिथे कोणाच्या प्रतीच्या कोपऱ्याला केसाएवढी मोड आहे यावर शिवीगाळ चालते. आणि आता ऐक, हे तुला नाही सांगितलं तर कोणाला सांगू. जानेवारीत मला 'कोल्हा' मिळाला! स्प्रॅटचं पहिलं चित्र, सगळ्या मिळून वीसच प्रती, मरेपर्यंत कोणी सोडत नाही. अँटवर्पच्या एका दाताच्या डॉक्टरकडून आला. तेविसातली तेवीस चित्रं आता माझ्याकडे आहेत. पूर्ण संच! अशी माणसं जगात चार असतील. मी तीन दिवस नुसता कोल्ह्याकडे बघत बसलो होतो. पॉलीन म्हणाली, लग्नातसुद्धा माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस.

तोवर असं करू का? ऑल्वेनच्या चित्राचा फोटो आहे माझ्याकडे. मोठ्या आकारात छान रंगीत झेरॉक्स काढून पाठवतो. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तिला या अवस्थेत काय फरक कळणार आहे?

तिला माझा एक मुका दे.

टेरी


लांडिसुल
२० मार्च

टेरी,

झेरॉक्स?

तुझ्या त्या कोल्ह्याची काढ ना रंगीत झेरॉक्स. लाव ती तुझ्या भिंतीवर, आणि खरा कोल्हा मला पाठव. तुला तरी काय फरक कळणार आहे?

आई काय वेडी झालेली नाही. विसरते, एवढंच. चहा कमी उकळलेला असला तर तिला घोटात कळतं. काल मी दुकानातला तयार रस्सा गरम करून दिला, तर चमचा खाली ठेवून म्हणाली, 'हा कोणी केला? त्याला नोकरीवरून काढा.'

कोल्ह्याबद्दल अभिनंदन. मनापासून. ते चित्र बसडेपोच्या मागे रंगवलं तेव्हा स्प्रॅटच्या बोटाला पडलेली जखम मी बांधली होती. पण दाताच्या डॉक्टरने ते सोडलं कसं? तुझ्यासारख्या चिकट माणसाने बदल्यात काय दिलं असेल, मला नवलच वाटतंय.

१४ एप्रिलला आईचा वाढदिवस आहे. बहात्तर. तेवढ्याला चित्र हवं. तुझ्या हातमोजेवाल्याला सांग, बाई वाट बघतेय आणि तिच्याकडे फार वेळ नाही.

ग्विन


बेडमिन्स्टर
२ एप्रिल

ग्विन,

घाईत लिहितोय. हातमोजेवाला आजारी होता, पण आता काम होत आलंय. एक छोटीशी अडचण आहे. खालची पेन्सिलीची ओळ ऊन लागून जरा विटली आहे. तो म्हणतो, अक्षरं नीट लागत नाहीत, पुसट भागाला धक्का लागू नये म्हणून मूळ शब्द माहीत असलेले बरे. तुला नेमके आठवतात का? शब्द न् शब्द लिहून पाठव. लवकर.

टेरी


लांडिसुल
५ एप्रिल

टेरी,

ऊन लागून पेन्सिल विटली? लेका, शाई विटते, रंग विटतो, पेन्सिल उन्हात शंभर वर्षं ठेवली तरी तशीच राहते. हे तुला गॅरेजमध्ये कोणी शिकवलं होतं? मी. तुझ्या हातमोजेवाल्यानेच बोट फिरवून फासलं असणार. त्याला म्हणावं, आता पुढे हात लावू नको, आहे तसं दे.

शब्द असे होते. 'ऑल्वेनला, जिने आम्हाला उपाशी ठेवलं नाही. स्प्रॅट.' कशाला विसरेन मी?

वाढदिवसाला नऊ दिवस राहिले. आई आता दुपारी बारा वाजले की टेबलावर ताटल्या मांडते. कधी सहा, कधी तीस. तीस म्हणजे घरात आहेत तेवढ्या सगळ्या. मी त्या धुतलेल्याच परत धुऊन ठेवतो.

ग्विन


बेडमिन्स्टर
१६ एप्रिल

ग्विन,

वाढदिवस चुकला, मला माफ कर. पार्सल आज रवाना केलंय, सही घेऊन देणाऱ्या टपालाने. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आहे, चाकूने फाडू नकोस, बाजूची पट्टी ओढ. हात धुऊन, पुसून मगच काढ. थेट ऊन नको, स्वयंपाकघराच्या वाफेजवळ नको, शेकोटीच्या वर तर मुळीच नको.

खरं सांगू? पाकीट बंद करताना दाढ उपटल्यासारखं झालं. पॉलीन म्हणाली, दुसऱ्याची वस्तू परत देताना रडतोस काय? तिला काय सांगणार.

ऑल्वेनचा चेहरा कसा झाला ते कळव. मला खरंच कळायला हवंय.

टेरी


लांडिसुल
२४ एप्रिल

टेरी,

तुला तिचा चेहरा कसा झाला ते हवंय ना? मग बसून वाच.

पार्सल शनिवारी आलं. मी हात धुतले. बाजूची पट्टी ओढली. काचेत घालून तिच्या समोरच्या खिळ्यावर लावलं आणि तिला खुर्चीत बसवलं. ती बराच वेळ बघत होती. मग हसली, पळीकडे बोट दाखवून म्हणाली, 'माझी पळी.' टेरी, महिन्याभरात तिने 'माझी' असं कशालाच म्हटलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि तुझ्याबद्दल जे जे वाईट मनात आलं होतं त्याची लाज वाटली. ते सगळं पत्रात लिहून तुझी माफी मागायची असं मी ठरवलं होतं.

मग ती उठली. काचेला नाक लावून खालची ओळ वाचली. तिला वाचता येतं अजून, सगळं मोठ्याने वाचते, औषधाच्या बाटल्यांवरचंसुद्धा. वाचलं आणि मागे सरकली. म्हणाली, 'हे माझं नाही.'

मी म्हटलं, 'आई, असं काय करतेस, नाव बघ की. ऑल्वेन.'

ती म्हणाली, 'तेच तर. बरोबर लिहिलंय.'

आता कळलं? नसेल कळलं. स्प्रॅट ब्रिस्टलचा, त्याला वेल्श कुठून येणार. त्याने नाव ऐकलं तसं लिहिलं, ऑल्विन. एका अक्षराचा फरक, पण आमच्या भाषेत ऑल्विन म्हणजे चाक. 'चाकाला, जिने आम्हाला उपाशी ठेवलं नाही.' आई त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. स्प्रॅट खोडायला निघाला तर तिने त्याचा हात धरला, 'राहू दे, मला असं कोणी लिहिलं नव्हतं.' त्यानंतर वर्षभर ती दारात आली की म्हणायची, 'चाक आलं, उठा.' तू तिथेच बसला होतास, टेरी. कस्टर्डची तिसरी वाटी खात होतास.

मी पत्रात बरोबर लिहिलं, कारण माझ्या आईचं नाव मी बरोबरच लिहितो. तू माझ्या पत्रावरून उतरवलंस. अक्षर स्प्रॅटसारखं छान जमलंय, मेहनत घेतलेली दिसते.

तिला मुलाचं नाव आठवत नाही. पण आपल्या नावातली चूक आठवते. आणि मी तिला समजावत होतो की तुझीच चूक होतेय, आई.

एकच विचारतो. माझ्या आईचं चित्र कुठे आहे?

ग्विन


बेडमिन्स्टर
३० एप्रिल

ग्विन,

दोन पत्रं लिहून फाडली. आता जसं सुचेल तसं लिहितो.

ते अँटवर्पला आहे. कोल्ह्याच्या बदल्यात गेलं. त्या डॉक्टरला पैसे नकोच होते, त्याला 'आणखी वाढू?'ची बिननंबरी प्रत हवी होती, पण कोरी. नाव घातलेली प्रत म्हणजे आमच्याकडे मळलेली समजतात. कोणाच्या तरी नावाची वस्तू दुसऱ्याला आपली वाटत नाही. तो म्हणाला, नाव असेल तर नको.

मी चांगलं खोडरबर आणलं, मऊ. दहा मिनिटं लागली. तू विचारशील की खोडताना तरी वाचलंस का. नाही वाचलं. वाचलं असतं तर हात चालला नसता, म्हणून वाचलं नाही.

माझी स्वतःची प्रत कोरी होती, तीच का नाही दिली, हेही विचारशील. तर ती माझी होती, ग्विन. ती दिली असती तर संचात कोल्हा आला असता आणि 'आणखी वाढू?' गेलं असतं, परत बावीसच. तुझी कपाटात पडून होती. सहा वर्षं तू विचारलं नव्हतंस. मला वाटलं, ऑल्वेनला आता कशाला लागतंय. हे किती घाण वाटतं ते लिहिताना कळतंय.

पण एक लक्षात घे. तुला पाठवली ती माझी प्रत आहे. माझी! संच मोडला मी. छपाईच्या एकाच जाळीतून, एकाच रंगात, एकाच दुपारी तूच त्या तिन्ही लागोपाठ ओढल्या होत्यास. चित्र तेच आहे. फक्त ओळ माझी आहे. तू म्हणत असशील तर मी येतो, ते नाव खोडतो आणि चुकीचं लिहून देतो.

आणि अजून एक विनंती, हात जोडून. हे कट्ट्यावर किंवा स्प्रॅटच्या ऑफिसात कोणाला कळू देऊ नकोस. खोटं अक्षर लिहिलं हे कळलं तर माझ्याकडच्या सगळ्याच चित्रांवर लोक संशय घेतील. आणि ऑल्वेनला ते नकोच असेल, नुसतं भिंतीवर लटकत राहणार असेल, तर मला परत पाठवशील का? तुला जबरदस्ती नाही. फक्त विचारतोय.

टेरी


लांडिसुल
१२ मे

टेरी हॅलेट,

तू तुझी प्रत कोरी पाठवली असतीस आणि सोबत चार ओळी लिहिल्या असत्यास, की मी चोर आहे, तुझं चित्र गेलं, हे माझं घे, तर मी घेतलं असतं. तुला शिव्या घातल्या असत्या आणि घेतलं असतं. आईने पळी ओळखली होती. तिला तेवढं पुरलं असतं. तुला चोरीची लाज नव्हती वाटत, पकडलं जाण्याची वाटत होती, म्हणून तू माझ्या आईशी खोटं बोललास. आणि शेवटी परत मागितलंस. तो परिच्छेद मी तीनदा वाचला, मला वाटलं मीच चुकीचं वाचतोय.

मी पॉलीनकडून पत्ता घेऊन अँटवर्पच्या डॉक्टरला लिहिलं. सभ्य माणूस आहे, चार दिवसांत उत्तर आलं. त्याने चित्र खिडकीशी नेऊन तिरकं धरून पाहिलं. म्हणतो, खाली पेन्सिलीचे दाब अजून दिसतात, नावाचा पहिला मोठा ओ तेवढा वाचता येतो, बाकी काही नाही. त्याला फार वाईट वाटलं. पण त्याने रीतसर अदलाबदल केली आहे आणि चित्र तो देणार नाही. तोही तुमच्यातलाच.

तुझं कोणाला सांगणार नाही. तुझ्या अब्रूसाठी नाही. लोक आईच्या नावावर कट्ट्यावर चर्चा करतील ते मला नकोय.

तुझी ओळ मी खोडली. माझ्याकडे मऊ खोडरबर नव्हतं, पण मीही छापणारा माणूस आहे, कागदाला ओरखडा नाही. दहा मिनिटं लागतात हे तू खरं लिहिलं होतंस. तुमच्या भाषेत ते आता मळलेलं नाही. आज सकाळी टपालात टाकलं. लाव तुझ्या संचात, तेवीस भरतील. मला पुन्हा लिहू नकोस.

एवढं लिहून बंद करणार होतो. पण तू तिचा चेहरा विचारला होतास, तर हेही वाच.

पोस्टातून परत आलो तर आई ताटल्या मांडून खुर्चीत बसली होती, रिकाम्या खिळ्याकडे बघत. चित्र माझं नाही म्हणाली होती, पण तीन आठवडे रोज त्याच्यासमोरच बसायची. पावती अजून माझ्या हातात होती. मला म्हणाली, 'ती पळीवाली बाई गेली का रे?'

मी म्हटलं, 'गेली.'

'जेवून गेली ना?'

मी हो म्हणालो.

ग्विन प्रॉसर